दहापैकी आठ

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत, मी कॅन्टीनच्या दारात उभी राहून नववीच्या पोरांवर ओरडत होते, तेव्हा ऑफिसातून निरोप आला की टेनेसीहून फोन आहे. मी आर्लीथा गेन्स, शाळेची समुपदेशक. पगार मिळतो तो पोरांना वाट दाखवायचा. पण आमच्या मॅडॉक्स बेंडच्या शाळेत समुपदेशक म्हणजे जेवणाच्या रांगेचा पोलीस, परीक्षांचा हमाल आणि बसचा मुकादम. यातून वेळ उरलाच तर चारशे पोरांची आयुष्यं. पहिली बारा वर्षं मी इंग्रजी शिकवलं आणि पुढची एकोणीस ह्यात गेली.

फोनवर कोच स्ट्रॅन्ड होती. तिकडच्या विद्यापीठात मुलींची गोळाफेक-थाळीफेक ती बघते. आमच्या केन्येटा प्रुइटला तिनं जूनमध्ये शब्द दिला होता. चार वर्षांची फी, राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं विद्यापीठ देणार. नोव्हेंबरात सह्या व्हायच्या होत्या.

"मिस गेन्स, घोळ झालाय," ती म्हणाली. "केन्येटाचे कागद खेळाडूंची पात्रता तपासणाऱ्या केंद्राकडून आले. दोन विषय त्यांनी धरलेच नाहीत. दहावीची भूमिती आणि जीवशास्त्र."

"धरले नाहीत म्हणजे? पोरगी पास आहे."

"कॉम्प्युटरवर पास आहे. शिकवायला शिक्षक नाही, तपासायला शिक्षक नाही. वर्षभराची भूमिती नऊ दिवसांत संपवलीय तिनं. असलं ते धरत नाहीत. तुम्हाला माहीत असेलच."

"बघते," म्हटलं आणि फोन ठेवला. कॅन्टीनमध्ये कुणीतरी दूध सांडलं होतं. मी फडकं घेऊन ते पुसायला लागले. पुसणारा माणूस होता तिथे, तरी मीच पुसलं.

नियम असा आहे. कॉलेजात खेळायचं तर शाळेच्या चार वर्षांत सोळा मुख्य विषय लागतात. त्यातले दहा बारावी सुरू व्हायच्या आत झालेले असले पाहिजेत, आणि बारावीचा पहिला दिवस उजाडला की त्या दहांवर कुलूप पडतं. मग कितीही अभ्यास करा, रात्रीचा दिवस करा, ते कुलूप उघडत नाही. केन्येटा आता बारावीत होती, आणि तिचे दहा होते. आता आठ झाले. म्हणजे पहिलं वर्षभर तिला स्पर्धेत उतरता येणार नव्हतं. आणि कोच स्ट्रॅन्डकडे फेकणाऱ्या मुलींसाठी शिष्यवृत्ती होती एक. ती वर्षभर बाकावर बसणाऱ्या मुलीला कोण देईल?

केन्येटाला मी दुसऱ्या दिवशी बोलावलं. दारातून आत येताना ती नेहमी जरा वाकते. तशी गरज नसते, सवय आहे. सहा फूट उंची, आणि आवाज मात्र चिमणीसारखा. तिचा बाप लॉइड भाताच्या गिरणीत कामाला आहे. त्यानं घरामागे सिमेंटचं गोल ओतून दिलं, आणि ही पोरगी फोनवर व्हिडिओ बघूनबघून तिथे गोळा फेकायला शिकली. आमचे कोच मूळचे फुटबॉलचे. गोळा कुठल्या हातात धरतात एवढंच त्यांना माहीत. दहावीत ती एकतीस फूट फेकायची. अकरावीच्या उन्हाळ्याआधी सेहेचाळीस फेकला आणि राज्यात पहिली आली.

"काय गं, आज जेवलीस की कुणाला खाऊन आलीस?" मी नेहमीसारखं म्हटलं. आवाज काही नेहमीसारखा निघाला नाही.

"दोघांना खाल्लं, मिस आर्लीथा. तिसरा पळाला." ती हसली. मग माझं तोंड बघून खुर्चीत बसली.

मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "पण तुम्हीच म्हणाला होतात ना, कॉम्प्युटरच्या खोलीत बस म्हणून?"

त्यात आरोप नव्हता. एखादी वही कुठे ठेवली ते आपण विचारतो, तसं विचारलं तिनं.

"हो," मी म्हटलं. "मी करते काहीतरी. अर्ज करता येतो. खास कारण असलं तर सूट देतात."

"मग द्या ना खास कारण. तुमच्याइतकं चांगलं कोण लिहितं?" असं म्हणून ती तासाला पळाली.

आता जे सांगायचं ते सांगते. मला नियम माहीत होता. उशिरा कळला, विसरले, परिपत्रक आलंच नाही, यातलं काही नाही. चांगला पाठ होता. माझ्या टेबलाच्या काचेखाली एक यादी असते, कॉलेजात खेळू शकतील अशा पोरांची. केन्येटा दहावीत होती त्या वर्षी त्यात नऊ नावं होती. फुटबॉलचे सहा, बास्केटबॉलचे तीन. त्या नऊ जणांचे विषय मी डोळ्यांत तेल घालून बघायचे. त्यांच्यातला एक भूमितीत आपटला तेव्हा मी त्याला कॉम्प्युटरच्या खोलीच्या जवळपाससुद्धा फिरकू दिलं नाही. जुलैच्या उन्हात स्वतःच्या गाडीतून पलीकडच्या काउंटीत उन्हाळी वर्गाला नेलं, रोज, पाच आठवडे. तिथे शिकवायला बाई होत्या, म्हणून ते धरलं जाणार होतं.

त्याच वर्षी केन्येटाही आपटली. तिची आई ओनिटा, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्यामुळे मेम्फिसच्या दवाखान्यात होती. पोरगी अडतीस दिवस शाळेत आली नाही. दोन विषय गेले. आणि मी तिला कॉम्प्युटरच्या खोलीत बसवलं. तिथे प्रश्न येतो, चार उत्तरं येतात, चुकलं की पुन्हा तोच प्रश्न येतो. चौथ्यांदा गाढवसुद्धा पास होतं. पोरं वेळेत शाळा संपवतात, शाळेचा आकडा चांगला दिसतो, सगळे खूश. माझ्या गाडीत तेव्हा एक जागा रिकामी होती. मागची, खिडकीकडची. मला ती आठवते, कारण तिच्यावर मी माझी पर्स ठेवायचे.

एकतीस फूट फेकणाऱ्या पोरीला कोण नेणार आहे कॉलेजात, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे काय, मी विचारच केला नाही. ती यादीत नव्हती. अकरावीत तिनं राज्य जिंकलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, केक आणला, आणि ते दोन विषय माझ्या डोक्यात आलेच नाहीत. तेव्हा आले असते तरी वेळ होता. मधला एक आख्खा उन्हाळा होता.

प्रिन्सिपल हॅचर माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान आहे. फुटबॉलचा कोच होता, तिथून खुर्चीवर आला. माणूस वाईट नाही. मी त्याच्यासमोर अर्जाचा मसुदा ठेवला. त्यात सरळ लिहिलं होतं की हा वर्ग चालणार नाही हे विद्यार्थिनीला कुणी सांगितलं नाही, चूक शाळेच्या समुपदेशकाची आहे.

त्यानं दोनदा वाचलं. उठून दार लावलं.

"मिस आर्लीथा, हे पाठवायचं नाही."

"का?"

"गेल्या वर्षी त्या खोलीतून किती पोरं पास झाली? एकसष्ट. उद्या राज्याच्या शिक्षणखात्यातून कुणी विचारलं, की बाबांनो, नऊ दिवसांत भूमिती कशी शिकवता तुम्ही, तर काय सांगू? आधीच पोरं कमी पडतायत म्हणून आपली शाळा बंद करून शेजारच्या गावच्या शाळेत घालायला बसलेत ते. तुम्ही त्यांच्या हातात काठी देताय."

"आणि पोरीचं काय?"

"पोरीला सांगितलं नव्हतं असं कसं म्हणता?" त्यानं कपाटातून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. "ही घ्या तिची सही."

आमच्याकडे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जिममध्ये कागदांची संध्याकाळ असते. सगळे खेळाडू, त्यांचे आईबाप, लांबच लांब टेबल, आणि नऊ कागद. डॉक्टरचा दाखला, विमा, डोक्याला मार बसला तर काय, असं एकेक. शेवटचा कागद कॉलेजच्या पात्रतेचा. चार पानं, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. 'वरील नियम मला समजावून सांगितले आहेत आणि समजले आहेत.' त्या टेबलाच्या टोकाला मी बसते. बाहेर शंभर डिग्री फॅरनहाइटचं ऊन, मागे रांग, पोरांना भुका लागलेल्या. "इथे सही. इथे. पुढचा." एकोणीस वर्षांत एकदाही कुणाला चार पानं वाचू दिलेली नाहीत मी. एका बापानं वाचायला सुरुवात केली होती, तर मी म्हटलं होतं, "अहो, इथे मुक्काम करायचाय का तुम्हाला?" सगळी रांग हसली होती.

केन्येटाची सही नववीतली होती. गोल गोल, मोठी, ओळीच्या बाहेर गेलेली.

"आईच्या आजारपणावर लिहा," हॅचर म्हणाला. "ते खरं आहे की नाही? अडतीस दिवस. दवाखान्याचे कागद आहेत. खऱ्यावर लिहा आणि छान लिहा. तुम्हाला दोन वर्षं राहिलीत पेन्शनला. मला तुमची काळजी आहे म्हणून बोलतो."

आणि मी घरी गेले आणि छान लिहिलं.

तीन पानं लिहिली. दवाखान्याच्या खुर्चीत झोपणारी सोळा वर्षांची मुलगी, आईचे पाय चेपणारी, धाकट्या भावाला बसपर्यंत सोडणारी. एक शब्द खोटा नव्हता. लिहिताना मला दोनदा रडू आलं, आणि मला वाटलं की मी तिच्यासाठी रडतेय. शाळेबद्दल एकच वाक्य होतं: 'शाळेने उपलब्ध मार्गाने तिला विषय पूर्ण करण्यास साहाय्य केले.' हॅचरच्या ऑफिसनं माझ्या पत्राबरोबर तिची सगळी फाइल पाठवली. सहीचा तो कागदही त्यात होता. मी तो बघितला. बाजूला काढायला हात पुढे झाला नाही.

सह्यांचा दिवस आला. जिममध्ये टेबल मांडलं होतं, फुगे होते, दोन पोरांनी डोक्यावर कॉलेजच्या टोप्या घालून फोटो काढून घेतले. केन्येटाच्या अर्जाचं उत्तर अजून यायचं होतं म्हणून ती वर बाकावर बसून सगळ्यांपेक्षा जोरात ओरडत होती. खाली येताना मला म्हणाली, "माझी टोपी मोठ्या मापाची मागवा हं, मिस आर्लीथा. वेण्या मावल्या पाहिजेत."

उत्तर डिसेंबरात आलं. नामंजूर. पत्रात म्हटलं होतं की आईच्या आजारपणाबद्दल आम्हाला सहानुभूती आहे. मात्र त्यानंतर विषय पुन्हा करायला तीन सत्रं मिळाली होती, आणि सोबतच्या कागदावरून दिसतं की विद्यार्थिनीला नियमांची माहिती होती.

कोच स्ट्रॅन्डनं टेक्सासमधली एक मुलगी घेतली. फोनवर ती बिचारी माझीच समजूत घालत होती. "दोन वर्षं एखाद्या छोट्या कॉलेजात खेळू दे तिला, मग मी घेईन." अशी छोटी कॉलेजं आहेत. त्यातलं सगळ्यात जवळचं, जिथे गोळाफेक आहे आणि पैसेही देतात, ते कॅन्ससमध्ये, गाडीनं नऊ तास. ओनिटाला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. लॉइड पाळीवर असला की ते काम केन्येटाचं. टेनेसीचं विद्यापीठ तिनं निवडलं होतं ते एवढ्यासाठीच, की तिथून दीड तासात घरी येता येतं.

ती माझ्या खोलीत आली, वाकून, आणि खुर्चीत बसली.

"मी वाचायला पाहिजे होतं ना," ती म्हणाली. "सही करताना."

मी म्हणायला हवं होतं. तिथे, तेव्हा. दार बंद होतं, आम्ही दोघीच होतो.

"कुणीच वाचत नाही गं," मी म्हटलं.

"पण सही माझीच आहे." तिनं नाक पुसलं. "तुम्ही एवढी तीन पानं लिहिलीत. बाबांनी सगळ्या चर्चला वाचून दाखवली. म्हणाले, आपल्या पोरीबद्दल असं कुणी लिहिलं नव्हतं कधी."

नंतर कळलं, तिनं वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात काम धरलंय, शाळा सुटल्यावर. जूननंतर पूर्णवेळ करणार. तिथली बाई मला बाजारात भेटली. म्हणे, "काय ताकद आहे हो पोरीत, ओल्या चादरींचा गठ्ठा एका हातानं उचलते." मी हसले.

जानेवारीत एका शनिवारी लॉइड माझ्या दारात आला. त्याला मी इंग्रजी शिकवलेलं आहे. अजून माझ्यासमोर तो टोपी काढून उभा राहतो.

"आत ये ना रे, लॉइड. थंडी आहे."

"नको, मिस आर्लीथा. बूट चिखलाचे आहेत." तो टोपी फिरवत राहिला. "ओनिटाचं सांगायला आलो. दोनदा गेली नाही ती मशीनवर. गुरुवारी नाही आणि आज नाही."

"गेली नाही म्हणजे? अरे, वेड लागलंय का तिला?"

"ते नामंजुरीचं पत्र आहे ना, त्यात तिच्या आजारपणाचं लिहिलंय. ते तिनं वाचलं. रोज वाचते. म्हणते, मी आजारी पडले नसते तर पोरगी आज कुठच्या कुठे असती. माझ्यापायी तिचं वाटोळं झालं, आणि आता मी त्या मशीनवर बसून अजून किती वर्षं तिला बांधून ठेवू?" त्याचा आवाज फुटला. "माझं ऐकत नाही. पाद्रीबुवांचं ऐकत नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला त्या नियमांचं सगळं माहितीय. तुम्ही येऊन सांगा तिला, की तिचा दोष नाही."

मी कोट चढवला आणि त्याच्या गाडीत बसले. वाटेत मी मनात वाक्य जुळवत होते. 'ओनिटा, चूक माझी होती. मला माहीत होतं, आणि मी तुझ्या पोरीसाठी काही केलं नाही.' एवढंच. फार मोठं वाक्य नाही. गिरणीपासून त्यांच्या घरापर्यंत मी ते वीस वेळा म्हटलं असेल.

ओनिटा सोफ्यावर पडून होती. अंगावर दोन रजया होत्या. चेहरा सुजलेला, पाय सुजलेले, ओठ कोरडे. आम्ही एकाच चर्चमध्ये गातो, पण ही बाई मला ओळखू आली नाही. तिनं माझा हात धरला. तिच्या हाताला ऊब नव्हती.

"मिस आर्लीथा, किती सुंदर लिहिलंत हो तुम्ही. तुमचे उपकार फेडायचे कसे?"

"उपकार कसले, ओनिटा. तू दवाखान्यात जायचं. आत्ताच्या आत्ता. लॉइड फोन करेल, ते घेतील तुला आज."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तुझा ह्यात काडीचा दोष नाही म्हणून."

तिनं माझ्याकडे बघितलं. आजारानं पापण्या सुजल्या होत्या, पण नजर साफ होती. खोलीत लॉइड भिंतीला टेकून उभा होता. धाकटा भाऊ टीव्हीचा आवाज बंद करून बसला होता. स्वयंपाकघराच्या दारात केन्येटा हातात डाव घेऊन उभी राहिली होती. सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं.

"मग कुणाचा आहे?" ओनिटानं विचारलं. "तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते मी खरं मानेन. कुणाचा दोष आहे?"

वाक्य तोंडात तयार होतं. माझी जीभ वर टाळूला लागली होती. मला माझी खोली दिसली, हॅचर दिसला, चर्चमधली माझी जागा दिसली, पुढून दुसरी रांग. लॉइडच्या हातातली टोपी दिसली.

"कुणाचाच नाही," मी म्हटलं.

ओनिटानं डोळे मिटले. थोड्या वेळानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. लॉइड लगेच फोनकडे धावला, आणि मला वाटतं तो रडत होता. माझे आभार मानत होता.

"मिस आर्लीथा, जेवून जा," केन्येटा म्हणाली. "हॅम घालून बीन्स केलेत. मक्याचा पाव आहे गरम."

मी नको म्हणाले नाही. टेबलाशी बसले. तिनं वाढलं, माझ्यासमोर बसली, आणि मी काय म्हणते ह्याची वाट बघत राहिली. चांगलं झालंय, मी म्हटलं. अजून वाढू का, तिनं विचारलं. मी ताट पुढे केलं.